अंधांसाठी वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, की सगळ्यांचीच पण बोलणारी?

अंध माणसाने कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घ्यावी, असं विचारलं की उत्तरात नेहमी दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे मुळात अंधांसाठीच बांधलेली सिस्टिम. दुसरी म्हणजे सगळे वापरतात तेच विंडोज, मॅक किंवा लिनक्स, फक्त स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून.

पहिल्या प्रकारातलं मला मनापासून आवडणारं उदाहरण म्हणजे क्नॉपिक्स या लिनक्सच्या एका प्रकाराची ॲड्रियान आवृत्ती. क्नॉपिक्स बनवणाऱ्या क्लाउस क्नॉपर यांनी तिला आपल्या दृष्टिबाधित पत्नीचं नाव दिलं. ती सुरू होताच बोलू लागते. पुढ्यात एक साधा मेनू असतो: बाणाच्या कळांनी वरखाली जायचं आणि एंटर दाबायचं. नवख्या माणसाला याने फार धीर येतो. उबंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारावर उभं राहिलेलं विनक्सही याच वाटेचं होतं, पण त्याचं काम थांबलं.

आता दुसरा प्रकार. स्क्रीन रीडर पडद्यावरचं चित्र बघून बोलतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात प्रत्येक प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमला सांगत असतो की हे बटण आहे, याचं नाव अमुक, वापरणारा सध्या इथे आहे. विंडोजमध्ये हा निरोप यूआय ऑटोमेशनमधून जातो, लिनक्समध्ये एटी-एसपीआयमधून. रीडर तो निरोप उचलून बोलतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बटणाला नावच दिलं नसेल तर टॅब दाबत जाताना कानावर येतं: ‘बटण... बटण... बटण’. त्यातलं ‘पाठवा’ कोणतं आणि ‘पुसून टाका’ कोणतं? दाबल्यावरच कळणार. ही चूक प्रोग्रॅममधली असते, त्यामुळे सिस्टिम अंधांसाठी वेगळी बांधली तरी ती तिथेच राहते.

म्हणून रोजच्या कामाला मी दुसराच प्रकार सुचवेन. सहकाऱ्यांचे प्रोग्रॅम तेच, अडलं तर विचारायला माणसंही तीच. शिवाय रीडरसाठी वेगळे पैसे मोजावे लागतातच असं नाही. विंडोज २००० पासून नॅरेटर सोबत येतो, मॅकवर २००५ पासून व्हॉइसओव्हर आहे. स्वतः अंध असलेल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए विंडोजवर मोफत चालतो.

निवड करताना एक गोष्ट मात्र जरूर पाहा: कोणाचे डोळे उसने न घेता ती सिस्टिम बसवता येते का? डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार; तो बसवताना मेनू आला की बीप वाजतो. ‘एस’ आणि मग एंटर दाबलं की पुढचं सगळं बोलत बोलत होतं. विंडोज १० बसवताना विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की नॅरेटर जागा होतो. अडतं ते त्याच्याही आधी, बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या पडद्यावर. तिथे ऑपरेटिंग सिस्टिम अजून आलेलीच नसते, त्यामुळे बहुतेक यंत्रं तिथे मुकी असतात. पेनड्राइव्हवरून ॲड्रियान सुरू करायची असली, तरी अनेकदा त्या मुक्या मेनूतूनच जावं लागतं.