व्हेंटिलेटरचा ताण आणि केशवाहिन्यांचं अस्तर

1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सल्ल्यावरून वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रबरी पिशवी दाबत आणि रुग्णांच्या श्वासनलिकेत हवा भरत. हवा आत ढकलण्याची ही रीत पुढे अतिदक्षता विभागात रुळली. तिचा धोका म्हणजे फुफ्फुस फुटणं, अशीच समजूत बराच काळ होती.

1974 मध्ये वेब आणि टिअर्नी या संशोधकांनी उंदरांना 45 सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबाने श्वास दिला. फुफ्फुसं पाण्याने भरली आणि तासाभरात उंदीर दगावले. म्हणजे न फुटताही फुफ्फुस निकामी होऊ शकत होतं. रक्तवाहिन्या गळत होत्या.

पण दोष दाबाचा की फुगण्याचा? फ्रान्समधल्या ड्रेफ्यूस आणि सोमों यांनी 1988 मध्ये याचा छडा लावला, आणि या साऱ्या इतिहासात मला हाच प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. दाब तेवढाच ठेवून त्यांनी उंदरांच्या छाती-पोटाभोवती पट्टे आवळले. फुफ्फुसाला फुगायला जागा उरली नाही, आणि सूज आली नाही. उलट, छातीबाहेरून ऋण दाब देऊन फुफ्फुस खूप फुगवलं, तेव्हा वाहिन्या गळू लागल्या. गुन्हेगार ताण होता.

तरीही ही नुसती फाटाफूट असेल, असं म्हणता येत होतं. संशोधक जॉन वेस्ट यांच्या गटाने सशांच्या फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या, अस्तरात खरोखरच चिरा दाखवल्या होत्या. फुफ्फुस जास्त फुगलेलं असेल तर तेवढ्याच रक्तदाबाला त्या अधिक पडत. मग 1998 मध्ये पार्कर आणि सहकाऱ्यांनी शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या उंदराच्या फुफ्फुसाला गॅडोलिनियम दिलं. पेशीच्या आवरणात ताणामुळे उघडणाऱ्या आयन-मार्गिका, म्हणजे कॅल्शियमसारख्या आयनांच्या वाटा, ते बंद करतं. गळती थांबली! फाटलेलं कापड रसायनाने शिवलं जात नाही. म्हणजे अस्तराच्या पेशी स्वतःच काहीतरी करत होत्या.

काय करत होत्या, ते हळूहळू उलगडलं. ताण बसला की कॅल्शियम आत शिरतं, पेशीतले ॲक्टिन-मायोसिन या प्रथिनांचे तंतू आखडतात, पेशी आक्रसते आणि शेजारणीशी असलेला तिचा सांधा सुटतो. 2007 मध्ये उंदरांत टीआरपीव्ही4 या मार्गिकेचा सहभाग दिसला. सिलिकोनच्या लवचीक पडद्यावर वाढवलेल्या मानवी अस्तरपेशींनी तर मात्रेचाही फरक दाखवला. 18 टक्के ताण सोसलेल्या पेशींत थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं विकर) पडताच मोठ्या फटी पडतात. 5 टक्क्यांची सवय असलेल्या पेशी पुन्हा जुळून येतात.

रुग्णशय्येपाशी ताण कमी ठेवण्याच्या विचाराला 2000 साली बळ मिळालं. अमेरिकेत फुफ्फुसं अचानक निकामी झालेल्या 861 रुग्णांच्या चाचणीत उंचीवरून काढलेल्या अपेक्षित शरीरवजनाच्या दर किलोमागे प्रत्येक श्वासाला 12 ऐवजी 6 मिलीलिटर हवा दिल्यावर मृत्युदर 39.8 वरून 31 टक्क्यांवर आला. पण आजारी फुफ्फुस सगळीकडे सारखं नसतं. इटलीचे डॉक्टर गॅटिनोनी यांच्या सीटी स्कॅनच्या अभ्यासांत दिसलं होतं, की हवा घेणारा भाग लहान मुलाच्या फुफ्फुसाएवढाच उरतो. दिलेली सगळी हवा तिथेच जाते, आणि 6 मिलीलिटरचा श्वासही तिथल्या पेशींना जास्त ताणू शकतो.