उपाशी यीस्टने दाखवलेलं गुपित

१९८८ साली टोकियो विद्यापीठात योशिनोरी ओसुमी हे शास्त्रज्ञ पाव फुगवणारं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचे. यीस्टच्या पेशीत एक मोठी पोकळी असते, रिक्तिका. पेशीतला टाकाऊ माल तिथे जाऊन विरघळतो. अडचण एवढीच, की तो इतक्या लवकर विरघळतो की डोळ्यांना काही सापडतच नाही.

ओसुमींनी मग ज्या यीस्टमध्ये प्रथिनं पचवणारी विकरंच नाहीत असं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत रिक्तिका बारीक गोळ्यांनी गच्च भरली! साध्या सूक्ष्मदर्शकातून त्या गोळ्या सारख्या थरथरताना दिसत होत्या. मला विज्ञानातला हा क्षण फार आवडतो. पचन थांबवलं, म्हणून जेवण दिसलं.

या क्रियेला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, हे नाव बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी १९६३ सालीच दिलं होतं. बिघडलेलं प्रथिन किंवा निकामी मायटोकाँड्रिया (पेशीची वीजघरं) यांच्याभोवती एक पातळ पडदा तयार होतो. आधी वाटीसारखा, मग कडा जुळून बंद पिशवी. आपल्या पेशींत ही पिशवी लायसोसोम या पचन करणाऱ्या कप्प्याला जाऊन मिळते. आतला माल तिथे सुटा होतो आणि त्यातली अमिनो आम्लं नव्या प्रथिनांसाठी वापरली जातात. जुनं लुगडं उसवून त्याच्याच सुताचं नवं कापड विणावं, तसं.

ओसुमींच्या गटाने १९९३मध्ये या कामाला लागणारी १५ जनुकं शोधली. त्यांतल्या बऱ्याच जनुकांचे भाऊबंद माणसातही निघाले. २०१६चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. तेव्हापासून 'इतके तास उपास करा, पेशी तरुण होतील' असे निरोप फिरत असतात. यीस्टच्या उपासमारीवरून माणसाच्या उपासाचे तास ठरवता येत नाहीत, हे ठामपणे सांगायला हवं.

ऑटोफॅजीचं खरं मोल मेंदूत कळतं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी काही दिवसांत झडतात, त्यांच्या जागी नव्या येतात. चेतापेशींना ती सोय नाही. ऐंशीच्या आजींच्या मेंदूतल्या बहुतेक चेतापेशीही ऐंशीच्याच. २००६ साली जपानी संशोधकांनी उंदरांच्या चेतापेशींतली ऑटोफॅजी बंद करून पाहिली. त्या पेशींत प्रथिनांच्या गुठळ्या साचत गेल्या आणि उंदरांना नीट चालता येईना. वय वाढतं तशी हीच साफसफाई आपल्याही पेशींत मंदावत जाते.