अपंगत्वाधारित भेदभावाच्या संज्ञा

अपंग व्यक्तीला अपंगत्वावरून कमी लेखणे, वगळणे किंवा अडवणे यासाठी इंग्रजीत दोन शब्द चालतात : अमेरिकेत रुळलेला ‘एबलिझम’ आणि ब्रिटनमध्ये घडलेला ‘डिसेबलिझम’. पुष्कळ जण ते एकाच अर्थाने वापरतात. रोख मात्र वेगळा आहे.

डिसेबलिझम म्हणजे अपंगांवर प्रत्यक्ष होणारा अन्याय. शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने तिच्यावर चढवलेले अपंगत्व वेगळे, ही भूमिका ब्रिटनमधील अपंगांच्या संघटनेने १९७६ मध्ये मांडली. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये तिला ‘सामाजिक प्रारूप’ म्हटले. एबलिझमचा रोख त्यामागच्या समजुतीवर आहे : धडधाकट शरीर हेच माप, बाकीचे त्यात कमी पडलेले.

नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या कार्यालयात अंध माणूस भावाला घेऊन जातो. अर्ज छापील, वाचून दाखवायला कुणी नाही, हा डिसेबलिझम. मग खिडकीतला कारकून भावालाच विचारतो, “यांना सही करता येते काय?” हा एबलिझम. कारकून उद्धट नसतो, उलट कनवाळूच असतो, आणि कामही लगेच करून देतो.

मराठीत या वागणुकीला रुळलेले नाव नाही. ‘सक्षमतावाद’ लेखांत आढळतो, बोलण्यात नाही. नाव बदलत राहिले ते माणसाचे : अपंग, विकलांग, आणि पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये सुचवल्यावर दिव्यांग. अवयवाला दिव्य म्हटल्याने जिना चढता येत नाही, असा आक्षेप अपंगांच्या संघटनांनी तेव्हाच घेतला होता. तरी सरकारी पाट्या बदलल्या आणि महाराष्ट्रात २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र झाला. नागपुरात पारडीला आखलेल्या ९० हजार चौरस फुटांच्या बागेचे नाव ‘अनुभूती समावेशक उद्यान’, पण ओळख ‘दिव्यांग पार्क’ अशीच. भाषेतली जुनी वळणे मात्र जागची हललेली नाहीत. ‘लंगडी सबब’ अग्रलेखात सर्रास येते, आणि ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही.

भारतीय कायदा यांपैकी कोणतीही संज्ञा वापरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (अंमल एप्रिल २०१७ पासून, अपंगत्वाचे २१ प्रकार) फक्त ‘भेदभाव’ म्हणतो आणि वाजवी सोय, म्हणजे अवास्तव बोजा न पडता करता येण्याजोगा आवश्यक बदल, नाकारणे हाही भेदभावच मानतो. म्हणजे न वाचता येणाऱ्या त्या अर्जाबद्दल दाद मागता येते. कलम ९२ नुसार चारचौघांत अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे, पण त्यासाठी पाणउतारा करण्याचा हेतू असावा लागतो. खिडकीतल्या कारकुनाचा प्रश्न त्यात बसत नाही.