खुला

खुला : मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातील विवाहविच्छेदाचा एक प्रकार. यात मागणी पत्नीकडून येते आणि ती मेहर (निकाहात पतीने पत्नीला द्यावयाचे धन) किंवा त्याचा काही भाग पतीला परत करते अथवा सोडून देते. पतीने दिलेला तलाक, उभयतांच्या इच्छेने होणारी मुबारात, पतीने सोपविलेल्या अधिकारावर आधारलेला तलाक-ए-तफवीझ व न्यायालयीन फस्ख (विवाह रद्द करणे) यांहून तो वेगळा. १९३७ च्या शरीयत अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात खुलाचा नामनिर्देश आहे. तत्पूर्वी नागपुरात मध्य प्रांत कायदे अधिनियम, १८७५ च्या पाचव्या कलमान्वये मुस्लिमांच्या विवाहविषयक वादांत मुस्लिम कायदाच लावला जाई.

खुलाचा आधार कुराणातील २:२२९ ही आयत व प्रेषित मुहंमदांचे सहकारी साबित बिन कैस यांच्या पत्नीची हकिकत. ही पत्नी कोण, याविषयी परंपरांत एकवाक्यता नाही. बुखारींच्या हदीस (प्रेषितांविषयीच्या परंपरा) संग्रहातील कथनानुसार तिला पतीच्या धर्माचरणाबद्दल वा स्वभावाबद्दल तक्रार नव्हती, मात्र त्याच्यासोबत राहणे अशक्य झाले होते. इतर काही कथनांत तिचे नाव जमीला येते. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त ती हबीबा बिन्त सहल असून, भल्या पहाटे अंधारात प्रेषितांच्या दाराशी उभी राहून आपले व साबितचे जमणार नाही असे सांगते. अबू दाऊद यांच्या संग्रहात हबीबाला मारहाण झाल्याचाही उल्लेख आहे. काही भाष्यकार या दोन स्वतंत्र घटना मानतात. तपशिलांतील तफावत पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. मेहर म्हणून मिळालेली बाग परत करायची व साबितने तिला मोकळे करायचे, हा निवाडा मात्र समान आहे.

साबितला दिलेली ही सूचना सल्ला होती की आज्ञा, यावर पुढचा सारा वाद उभा आहे. सुन्नी मुस्लिमांतील हनफी पंथाने पतीची संमती आवश्यक मानली. मुन्शी बझलुर रहीम विरुद्ध लतीफुतुन्निसा (१८६१) या प्रकरणात ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलनेही खुला पतीच्या संमतीशी जोडला. पाकिस्तानात खुर्शीद बीबी खटल्याने (१९६७) संमतीची अट दूर केली आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये खुला हा पत्नीचा स्वतंत्र हक्क मानला. पत्नीने स्वतः प्रेषितांकडे येऊन सुटका मागितली, हे ध्यानात घेता आज्ञेचा अर्थच मूळ घटनेशी जुळतो. केरळचा निर्णय नागपूरच्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. तो केवळ मार्गदर्शक ठरू शकतो.

नागपूरच्या मोमिनपुरा, जाफरनगर, ताजबाग या वस्त्यांत आणि शेजारच्या कामठीत हनफी परंपरा प्रबळ असल्याने संमतीचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पती राजी असल्यास खुलानामा (खुलाचा लेखी करार) होतो : निकाहाची तारीख, मेहरची रक्कम, त्यातील किती माफ केली, दागिने व जहेजचे (माहेराहून आलेले) सामान कोणाकडे, शेवटी साक्षीदारांच्या सह्या. पती अडून बसल्यास मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम, १९३९ खाली कौटुंबिक न्यायालयात अर्ज करता येतो. दोन वर्षे निर्वाह न करणे, चार वर्षे ठावठिकाणा नसणे, क्रूरता ही त्यातील काही कारणे.

या दोन वाटांतला आर्थिक फरक स्त्रीच्या दृष्टीने फार मोठा आहे. खुलात मेहर सहसा सुटतो. १९३९ च्या अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार मात्र विच्छेदानंतरही मेहरवरील हक्क कायम राहतो. क्रूरता सिद्ध करता येण्याजोगी असताना घाईने मेहर माफ करणारा खुलानामा लिहून देणे म्हणूनच पत्नीला महाग पडते. तिहेरी तलाकविषयीच्या २०१९ च्या अधिनियमाने खुलाला हात लावलेला नाही.

खुलानंतरची इद्दत (पुनर्विवाहापूर्वी स्त्रीने पाळायचा प्रतीक्षाकाळ) हनफी मते तीन मासिक पाळ्यांची, कारण ते खुला हा बाइन (पतीला परत फिरवता न येणारा) तलाक समजतात. त्यास फस्ख मानणारे काही विद्वान एकच पाळी पुरेशी धरतात. गर्भवतीची इद्दत प्रसूतीपर्यंत. मुलांचा ताबा सोडण्याची अट खुलानाम्यात घातली, तरी हनफी कायद्यानुसार खुला वैध राहतो आणि ती अट तेवढी निष्प्रभ ठरते.