बोल्टाच्या डोक्यावरची खूण

दोन वर्षांपूर्वी मालवणात होडीच्या इंजिनाच्या ब्रॅकेटसाठी आठ स्टेनलेस बोल्ट घेतले. डोक्यावर ‘ए४-७०’ असं ठसठशीत उमटवलेलं. ए४ म्हणजे मॉलिब्डेनम असलेलं, खाऱ्या पाण्यात टिकणारं, बाजारात ३१६ म्हणून मागतात ते पोलाद. ७० म्हणजे चौरस मिलिमीटरला ७०० न्यूटन ताण सोसण्याची हमी. एक पावसाळा गेला आणि आठांतल्या पाच बोल्टांखाली तांबूस ओघळ दिसू लागले. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं. चिकटलं नाही, म्हणजे माल अस्सल! पण २०२ नावाच्या स्वस्तातल्या स्टेनलेसलाही चुंबक सहसा चिकटत नाही. होडीच्या सुताराने एका वाक्यात विषय मिटवला: “डोक्यार काय, कोणय कायय लिवात.”

विमानाच्या बोल्टांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास याच वाक्याभोवती फिरतो. सिंधुदुर्गातल्या चिपीची धावपट्टी ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रवाशांना खुली झाली, गोव्यातलं मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, दाबोळीला तर नौदलाचा तळ कित्येक दशकं आहे. तिथे उतरणाऱ्या विमानातला बोल्टही आमच्यासारखाच खारं वारं खातो. फरक एवढाच की त्याच्या डोक्यावर लिहिलेल्याच्या मागे कोण उभं आहे, हे शोधता यायला हवं.

सुरुवात आट्यांपासून झाली. १८४१ मध्ये इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला, १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंश सुचवला. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचा माल एकाच आघाडीवर आला, तेव्हा एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसेना. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने समान आटे मान्य केले. मोजमापाचा प्रश्न तिथे बराचसा सुटला. धातूचा प्रश्न मात्र मोजपट्टीने सुटत नाही, म्हणून अमेरिकी लष्कर आणि नौदलाच्या ‘एएन’ मालिकेत डोक्यावर खुणा आल्या. चांदणी असेल तर मिश्रपोलाद, एक रेघ म्हणजे न गंजणारं पोलाद, दोन रेघा म्हणजे ॲल्युमिनियम. आकडाही साधा: एएन-४ म्हणजे इंचाचे चार सोळांश, पाव इंच जाडी. रात्रपाळीत बॅटरीच्या उजेडातही कळावं, असा हा हिशेब.

खाऱ्या हवेने आणखी एक गाठ मारून ठेवली. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट बसवला आणि मध्ये मिठाचा ओलावा शिरला, की दोघांची बॅटरी होते आणि पत्रा झिजायला लागतो. यावर उपाय म्हणून पोलादावर कॅडमियमचा मुलामा आला, कारण कॅडमियम त्या बाबतीत ॲल्युमिनियमच्या जवळचं. धातू विषारी, तरी दशकानुदशकं तोच वापरात राहिला. पण मुलामा देताना आम्लाच्या आणि प्लेटिंगच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो. हायड्रोजन शिरलेला कडक बोल्ट पाना फिरवला त्या क्षणी तुटत नाही. काही तासांनी, कधी काही दिवसांनी, सोसायला हव्या त्यापेक्षा कितीतरी कमी भाराखाली कडकन मोडतो. हायड्रोजनने पोलाद ठिसूळ होतं हे १८७५ पासून माहीत आहे. म्हणून अतिमजबूत बोल्ट प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत घालून सुमारे १९० अंश सेल्सिअसला तासन्‌तास, कित्येक मानकांत तर २३ तास, भाजतात.

गोम अशी की भाजलेला आणि न भाजलेला बोल्ट शेजारी ठेवले तर फरक दिसत नाही. वजन तेच, चकाकी तीच, माप तपासायच्या गेजमध्येही दोन्ही बसतात. लॉटमधले काही बोल्ट ओढून तोडून बघतात, पण तुटलेला बोल्ट विमानात जात नाही आणि विमानात जातो तो कधी तोडून पाहिलेला नसतो. त्याच्याबद्दल जे काही ठाऊक असतं ते कागदावर: कोणत्या हीटचं, म्हणजे कोणत्या वितळणीचं पोलाद, कोणती भट्टी, किती तास, कोणाची सही. लोकांना हा कागद म्हणजे सरकारी छाप कटकट वाटते. मला तो बोल्टाचाच एक भाग वाटतो.

हा कागद आणि डोक्यावरची खूण खोटी निघाली तर काय होतं, ते १९८० च्या दशकात दिसलं. अमेरिकेत ग्रेड ८ च्या, म्हणजे जास्त मजबूत प्रतीच्या बोल्टवर सहा रेघा असत. त्याच सहा रेघा मारून बोरॉन पोलादाचे स्वस्त बोल्ट विकले जाऊ लागले. गार असताना ते तितकेच मजबूत, पण तापले की अस्सल मालापेक्षा लवकर नरम पडणारे. लष्करी सामानापर्यंत ते पोचले. अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली आणि नोव्हेंबर १९९० मध्ये ‘फास्टनर क्वालिटी ॲक्ट’ झाला. कायदा झाला खरा, पण पुढच्या नऊ वर्षांत तीनदा दुरुस्त करावा लागला, आणि विमान-नियामकाने मान्य केलेले बोल्ट त्यातून वगळले गेले. तुमची व्यवस्था आधीच कडक आहे, असं कारण.

ती व्यवस्थाही चुकत होतीच. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेलं पार्टनएअर कंपनीचं कॉन्व्हेअर ५८० स्कागेराकच्या समुद्रात कोसळलं. विमानातले ५५ जण गेले. शेपटीचा उभा पंख धडाला धरून ठेवणाऱ्या बोल्टांतले काही मान्यता नसलेले, कमी मजबुतीचे निघाले. ते झिजले, पंख थरथरू लागला आणि शेपूट सुटली.

पुढच्याच वर्षी, १० जून १९९० रोजी, बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी १-११ ची कॉकपिटची काच १७,३०० फुटांवर उडाली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं. तो वाचला, बाकीचेही सगळे वाचले. इथे कुणी बनावट माल विकला नव्हता. आदल्या दिवशी पहाटे काच बदलताना पर्यवेक्षकाने जुना बोल्ट हातात धरून नजरेने जोडी लावली होती. ९० पैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंच, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश मिलिमीटर बारीक बसले. उरलेले सहा जाडीला बरोबर, पण आखूड. आपल्याकडे ‘असाच एक द्या’ म्हणत जुना बोल्ट दुकानाच्या फळीवर ठेवतात, तसंच हे. भरीला गंमत म्हणजे जुने बोल्टही आखूडच होते.

मिठाचा धडा वेगळा आला. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छप्पर २४,००० फुटांवर सोलून निघालं. एक हवाई सेविका गेली, विमान मात्र उतरलं. त्या विमानाने ८९,६८० उड्डाणं केली होती, बहुतेक बेटाबेटांमधली छोटी. दमट खाऱ्या हवेत पत्र्यांच्या जोडातला चिकटपणा सुटला, भार रिव्हेटांवर आला, आणि एकेका भोकापासून निघालेल्या बारीक चिरा एकमेकींना मिळाल्या. किनाऱ्यावरच्या छोट्या उड्डाणांचा हिशेब तासांपेक्षा फेऱ्यांवर धरायला हवा, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं.

कागदाची फसवणूकही थांबली नाही. २०२३ मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्स या कंपनीने सीएफएम५६ इंजिनांचे सुटे भाग खोट्या प्रमाणपत्रांसह विकल्याचं उघड झालं. हीच इंजिनं असंख्य ७३७ आणि ए३२० विमानांवर आहेत. पोर्तुगालच्या विमान कंपनीच्या कारखान्यात एका भागाबद्दल शंका आली, मूळ उत्पादकाला विचारलं, आणि कागद आमचा नाही असं उत्तर आलं. जगभर इंजिनं उघडावी लागली.

मग ५ जानेवारी २०२४. पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्स ९ चा दाराच्या जागचा बंद पॅनेल उडाला. पाच खराब रिव्हेट दुरुस्त करायला तो कारखान्यात उघडला होता, आणि उघडल्याची नोंदच कुठे नव्हती. पॅनेल एका घराच्या परसात सापडला. त्याला अडकवणारे चार बोल्ट तपासायला मिळाले नाहीत, कारण ते बसवलेच नव्हते. चौकशीत हाती आला तो कामगारांनी एकमेकांना पाठवलेला एक फोटो: त्यात दिसणाऱ्या तीन जागा रिकाम्या, चौथी इन्सुलेशनखाली झाकलेली.