चांदीचे दागिने घरी उजळणे

चांदीचे दागिने घरी उजळणे : काळ्या पडलेल्या चांदीच्या दागिन्यांना सराफाकडे न देता, घरातल्या साहित्याने उजाळा देण्याची रीत. इंदूरच्या मराठी घरांत हे काम बहुधा महालक्ष्म्यांच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर निघते. पावसाळ्याच्या दमट हवेत पैंजण, जोडवी, तोडे, बाळाचे वाळे काळवंडलेले असतात आणि राजवाड्याजवळच्या सराफ्यात नेमकी तेव्हाच गर्दी असते.

हा काळेपणा म्हणजे वरून बसलेला मळ नव्हे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकयुक्त वायूंशी चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. तो आधी पिवळसर, मग तपकिरी-निळसर आणि शेवटी काळा दिसतो. त्या थरात दागिन्याचीच चांदी अडकलेली असते. राख, रांगोळी किंवा टूथपेस्टने घासले की थर निघतो आणि ती चांदीही जाते, शिवाय बारीक ओरखडे उरतात. पिढ्यान्‌पिढ्या घासलेल्या देवघरातल्या टाकांवर खंडोबाचे नाक-डोळे सपाट झालेले दिसतात, ते यामुळेच. चिंच आणि लिंबू तांब्या-पितळेला चांगले. चांदीच्या काळ्या थरावर त्यांचा फारसा परिणाम होत नाही.

म्हणून अ‍ॅल्युमिनिअम फॉइलची पद्धत सर्वांत बरी. आधी तेलकटपणा काढावा. पाच-सहा रिठे कोमट पाण्यात भिजवून, बिया काढून, फेस करावा आणि मऊ ब्रशने दागिना धुवावा. जोडव्यांच्या खाचांत साबण आणि क्रीम साचलेले असते. ते राहिले तर पुढची क्रिया तिथे होतच नाही. मग काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात पोळ्या गुंडाळायचा फॉइल तळाशी पसरावा, त्यावर दागिने ठेवावेत, एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि एक लहान चमचा मीठ टाकून अर्धा लिटर उकळते पाणी ओतावे. दोन ते पाच मिनिटे पुरतात. अ‍ॅल्युमिनिअम गंधक ओढून घेते आणि चांदी पुन्हा धातुरूपात येते. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचाच. खिडकी उघडी ठेवावी.

काहीच फरक पडला नाही, तर दागिना फॉइलला टेकलेला नसतो किंवा पाणी निवलेले असते. पैंजण उलटेसुलटे करून प्रत्येक कडी टेकेल असे ठेवावे. फार काळ्या दागिन्याला नवा फॉइल आणि ताजे गरम पाणी घेऊन दुसरा हात द्यावा लागतो. परत आलेली चांदी घट्ट बसत नाही, त्यामुळे असा दागिना पांढरट, मंद दिसतो. तो मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसला की चमक येते. डाक देऊन झाळलेल्या सांध्यांवर हिरवट रंग असेल तर तो धातूत मिसळलेल्या तांब्याचा गंज असतो, तो या पद्धतीने जात नाही. असा दागिना सराफालाच दाखवावा.

मोती, पोवळे, फिरोजा, लाखेवर बसवलेले किंवा चिकटवलेले खडे आणि मीना असलेले दागिने या पाण्यात कधीही घालू नयेत. महालक्ष्म्यांच्या चांदीच्या मुखवट्यांवर डोळे-ओठ रंगवलेले असतील तर तेही नाही. ते कोरड्या कापडानेच पुसावेत. मुद्दाम काळी केलेली ऑक्सिडाइज्ड नक्षी या पाण्यात उजळून निघते आणि तिचे सारे सौंदर्य जाते. चांदीच्या मुलाम्याच्या दागिन्याला तर ब्रशसुद्धा जपून लावावा.

शेवटी धुण्याला नळाचे नर्मदेचे पाणी घ्यावे. बोअरिंगच्या जड पाण्याने वाळल्यावर पांढरे ठिपके उठतात. घुंगरांच्या आत पाणी अडकते, तेव्हा पैंजण झटकून कापडावर पसरावे आणि हेअर ड्रायरची कोमट हवा द्यावी. ठेवताना रबरबँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्र टाळावे. दागिना पूर्ण वाळल्यावर सुती कापडात गुंडाळून, शक्यतो प्रत्येक नग वेगळा, घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि सोबत ओल शोषणारा खडूचा तुकडा टाकावा. दर पावसाळ्याच्या आधी तो खडू बदलावा.