नाथसागरावरचं वावधान

मे महिन्यातली दुपार. पैठणला मेहुण्याकडे गेलो होतो. पोरांनी हट्ट धरला, म्हणून ओळखीच्या भोईमामांच्या होडीतून नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात उतरलो. ऊन असं की होडीच्या काठाला हात लावता येईना. तासाभरात नगरच्या अंगाला आभाळ काळं झालं. बायको म्हणाली, "वारा तर तिकडंच चाललाय, ढग आपल्याकडं कसा येईल?" मामा काही न बोलता होडी वळवू लागले. मग वारा पडला. पाणी परातीतल्यासारखं निपचित. आणि लांब पाण्यावर एक काळपट रेघ दिसली, आमच्याकडे सरकणारी.

"वावधान आलं. लेकरं खाली बसवा," मामा म्हणाले. वावधान म्हणजे अचानक सुटणारा सोसाट्याचा वारा.

दोन मिनिटांत वारा उलटा फिरला; गार, ओल्या मातीच्या वासाचा. थोरल्याची टोपी गेली ती गेलीच. काठाला लागलो तोवर पावसाचा थेंब नव्हता.

घरी आल्यावर शेजारच्या आजींनी निदान केलं, गोदामाईला नारळ न वाहता निघालात. मेहुण्याच्या मोबाइलवर 'ढगफुटी'. ढगफुटी म्हणजे थोड्या भागात एका तासात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. आम्ही कोरडे होतो! पण हल्ली जोराची सर आली तरी ढगच फुटतो.

खरं कारण आपल्या कूलरमध्ये आहे. मराठवाड्यात वाळ्याचा कूलर खोली गार करतो, कोकणात तोच नुसता दमट वारा फेकतो. हवा कोरडी असेल तरच पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. उन्हाळ्यात आपल्याकडे ढगाचा तळ खूप उंच असतो, कधी कधी तीनेक किलोमीटर. खाली सगळी कोरडी हवा. त्यातून पडणारे थेंब वाटेतच आटतात. एक ग्रॅम पाणी आटलं की एक किलो हवा सुमारे अडीच अंशांनी गार होते. गार हवा जड, म्हणून खाली कोसळते. खाली येताना ती दाबानं तापत असते, पण थेंब तिला गार करतच राहतात.

आता आकडेमोड. ही हवा भोवतालच्या हवेपेक्षा सहा अंश गार धरू. निरपेक्ष तापमान (सेल्सिअस अधिक २७३) सुमारे ३००; सहा भागिले तीनशे, म्हणजे ती दोन टक्के जड. गुरुत्वत्वरण ९.८, उंची ३,००० मीटर, यांचा गुणाकार करा, तो ०.०२ने गुणा, दुप्पट करा, वर्गमूळ काढा. सेकंदाला ३४ मीटर, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या पुढे. प्रत्यक्षात आजूबाजूची हवा मिसळते, घर्षण होतं, वेग बहुधा निम्म्यावर येतो. पण ताशी ६० होडीला पुष्कळ झाले.

हा झोत जमिनीवर आदळला की फरशीवर ओतलेल्या बादलीसारखा चहूकडे पसरतो आणि पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावतो. मातीचा वास त्यानंच आणलेला, दुसऱ्याच कुणाच्या शिवारातला. जपानी-अमेरिकी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी १९७५ साली न्यूयॉर्कमधल्या विमान अपघाताचा माग काढताना असाच झोत ओळखला. नाथसागर सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा, पण पसरट आणि उथळ. त्यामुळे इथली लाट आखूड आणि उभी, एकीतून सावरेपर्यंत दुसरी.

गडगडाट साधारण १५ किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. ऐकू आला की काठ गाठा.

राहिला बायकोचा प्रश्न. ढग वाढताना खालची उष्ण हवा ओढून घेतो. म्हणजे आमच्या अंगावरून तिकडे जाणारा तो वारा ढगाचं खाणं होता.